गिटार पण पाहिजे आणि धडधडाट पण

प्रश्न : दादा, फोंड्यात आमचा छोटासा रॉक बँड आहे. गिटारवाल्याला एकदम जड, कारखान्यासारखा खडखडाट पाहिजे आणि मला हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांत वाजतं तसलं इलेक्ट्रॉनिक, दोन्ही एकत्र केलं की नुसता गोंधळ होतोय. वर ड्रमर रुसलाय, म्हणतो मशीनच लावायची तर मी कशाला? काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अरे आधी ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचं 'लिटल वंडर' ऐक, 1997 च्या जानेवारीतलं सिंगल. त्याच महिन्यात बाबा पन्नास वर्षांचा झाला, आणि वाजवतोय काय तर लंडनच्या पोरांचं 'जंगल' नि 'ड्रम अँड बेस' (तुटक, भन्नाट वेगाच्या ड्रमवरचं इलेक्ट्रॉनिक संगीत), वर रीव्ह्ज गॅब्रेल्सची किंचाळणारी गिटार. लोक म्हणाले पोरांच्या मागे धावतोय. म्हणेनात का, गाणं आजही दणकट वाजतं.

ड्रमरला हे सांग : बोवीचा ड्रमर झॅक अल्फर्डने स्वतःच वाजवलेले तुकडे घेऊन ते मिनिटाला 120 ठोक्यांवरून 160 च्या लयीला पळवले आणि वर परत तोच खरे ड्रम वाजवत बसला. मशीनमध्ये पण माणूस तोच, मग रुसायचं कशाला!

आता तुमचा गोंधळ. मला वाटतं तुम्ही सगळे एकाच वेगात पळताय. ड्रम 160 ला असतील तर गाणं आणि गिटार निम्म्यावर, 80 ला ठेवा, गणेश चवथीच्या आरतीत खाली घुमट-शामेळ ही आपली तालवाद्यं दणादण चाललेलं असतं आणि गाणारा वर ओळ निवांत ओढतो ना, तसं. आणि हो, हणजूणच्या ट्रान्सला, म्हणजे तू म्हणतोस त्या इलेक्ट्रॉनिकला, किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका) चारी मात्रांवर सरळ पडते, जंगलमध्ये ती मोडून-तोडून येते, त्यामुळे गिटारवाल्याचा ठोकळेबाज रिफ (तोच तोच वाजणारा गिटारचा तुकडा) ट्रान्सवर पटकन बसेल, जंगलवर त्याला जागा शोधावी लागेल. अजून एक, गिटारचा 100 हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खर्जातला आवाज सरळ कापून टाक, ती जागा किक आणि बेसची. गिटारवाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

प्रश्न : बोवीच्या त्याच 'लिटल वंडर'च्या शब्दांचा अर्थ काय हो? काहीच लागत नाही.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : लागणार कसा, त्यात स्नो व्हाइटच्या सात बुटक्यांची नावं कोंबलीत, आणि सात संपले म्हणून बोवीने पुढचे स्वतःच बनवले!