‘मॅडम, ॲग्रीत चार वर्षं गेली’

पावसाळा सुरू झाला की माझ्याकडे समुपदेशनासाठी कृषिदूत आणि कृषिकन्या येऊ लागतात. बीएस्सी ॲग्रीच्या सातव्या सत्रात ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहायला गेलेली ही मुलं. गाऱ्हाणं एकच असतं. एमबीए करायचंय, त्याची प्रवेश परीक्षा कॅट नोव्हेंबरच्या शेवटी आहे, क्लासमधले इंजिनीअर दिवसाला एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देताहेत आणि आपण बांधावर बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतोय.

त्यांतल्याच एकाला विशाल म्हणू. नाव आणि तपशील बदलले आहेत. बारावीला बी ग्रुप, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र, नीट दोनदा हुकली, मग ॲग्री. पहिल्या भेटीत खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, “आयआयएम मिळालंच पाहिजे. नाहीतर पाच वर्षं मातीत.”

“पाच कशी?”

“एक रिपीटचं, चार ॲग्रीची.”

म्हणजे निकाल लागायच्या आधीच ॲग्रीची चारही वर्षं त्यानं तोट्यात मांडून टाकली होती.

मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेनं जाणारी. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मला इतकी वर्षं पुरली आहे. माणसाला अडचणीपेक्षा तिच्याबद्दलचा हट्ट जास्त छळतो, असं ती सांगते. आपल्या भाषेत तो हट्ट एका अक्षरात मावतो, ‘च’. मी मुलांच्या बोलण्यातले ‘च’ मोजते. विशालचे पहिल्या तासात बावीस झाले होते.

पण खरं सांगायचं तर पहिल्या दोन भेटींत मीच चुकले. त्याची भीती बघून मी माहितीचा मारा केला. अहमदाबाद आणि लखनौच्या आयआयएममध्ये शेती-व्यवसायाचे दोन वर्षांचे वेगळे अभ्यासक्रम आहेत, हैदराबादच्या ‘मॅनेज’ या कृषी विस्तार व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय संस्थेतला तर शेतीच्या पदवीधरांना समोर ठेवूनच बांधलेला आहे, हे सगळं सांगितलं. त्याला ते पाठ होतं. मान हलवत राहिला. माहितीनं हट्ट सुटत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवते!

तिसऱ्या भेटीला तो उशिरा आला, वैतागलेला. “काकांनी थांबवून ठेवलं. कांद्याचं विचारत होते.” काका म्हणजे रावेतले त्याचे यजमान शेतकरी.

“काय विचारत होते?”

“काही नाही. साठवणीच्या चाळीतला कांदा आत्ता काढू की थांबू.”

“मग तू काय सांगितलंस?”

त्यानं माझ्या टेबलावरचा कागद ओढला. समजा उन्हाळी कांदा शंभर क्विंटल चाळीत भरला, तेव्हा भाव हजार रुपये होता. म्हणजे लाखाचा माल. सड, कोंब, वजनातली घट धरून सप्टेंबरपर्यंत तीस क्विंटल गेला. उरला सत्तर. आता क्विंटलला चौदाशे तीस मिळाले तर कुठे मूळचा लाख हातात येतो, निवडणीची मजुरी वेगळी. “भाव त्याच्या वर आहे, पण काकांच्या चाळीला एका बाजूनं वारा लागत नाही, तिकडचा कांदा टिकणार नाही. मी म्हटलं, ती बाजू आत्ता विका, दुसरी ठेवा.”

मी गप्प राहिले. माझ्या कामात गप्प राहणं हे निम्मं कौशल्य आहे, आणि ते मला साधतं असं मला वाटतं.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही. सगळ्यांनाच येतं.”

“तुझ्या क्लासमधल्या इंजिनीअरला?”

तो थांबला. “आकडेमोड येईल.” मग बऱ्याच वेळानं, “कांदा किती सडेल, ते नाही येणार.”

आणि खुर्चीत मागे टेकून बसला. तीन भेटींत पहिल्यांदा.

ॲग्रीला तो फाट्यावरचा थांबा समजत होता. गाडी येईपर्यंत उभं राहायचं, आजूबाजूला बघायचं नाही. साठवण, जोखीम, भाव, कुणाला काय पटवून सांगायचं, हे सगळं तो रोज करत होता आणि रोजनिशीत मात्र ‘कांदाचाळीला भेट दिली’ एवढंच लिहीत होता. मी त्याला रोजनिशीत एक ओळ वाढवायला सांगितली : आज कोणता निर्णय झाला आणि का. मुलाखतीत ‘हाच अभ्यासक्रम का’ हे विचारतात, त्याचं उत्तर तिथे आपोआप साठत जातं. क्लासमध्ये घोटलेलं उत्तर पहिल्या उपप्रश्नाला कोसळतं.

गणिताची भीती मात्र खरी होती, ती मी गोंजारली नाही. बी ग्रुपच्या मुलांचं गणित बहुधा पदवीच्या पहिल्या सत्रातल्या प्राथमिक गणितावर थांबलेलं असतं. कॅटमधलं बरंचसं अंकगणित आणि बीजगणित शाळेच्या पातळीचं असतं, पण हात बसलेला लागतो. परीक्षेत तीन विभाग, प्रत्येकी चाळीस मिनिटं. गावातल्या खोलीत सलग तीन तास मिळत नाहीत, चाळीस मिनिटं मिळतात. त्यानं तेवढेच तुकडे पाडले. आणि हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी ऐकावं : सातव्या सत्राची वाट बघू नका, गणित आत्ता काढा. सांख्यिकी आणि कृषी अर्थशास्त्राचे पेपर केवळ सीजीपीएसाठी उरकू नका.

मनात अजून पशुवैद्यक किंवा एमबीबीएस असेल, तर त्याला ॲग्रीतून आडवाट नाही, पुन्हा नीटच. वकिली हवी असेल तर पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी आहे, राज्याची सीईटी देऊन. जमीन आणि पाण्याचे तंटे समजणारा वकील मला तरी कमीच भेटलाय.

विशालला अहमदाबादचा मुलाखतीचा कॉल आला नाही. दुसरीकडे मुलाखत झाली आहे, निकाल लागायचाय. परवा त्याचा फोन आला, मला वाटलं निकाल. काकांचा ठेवलेला कांदा कोणत्या भावानं गेला, ते सांगायला केला होता.