मोठ्या यानाच्या कवचावर बरगड्या उमटत असतील तर

आपण लिहिले आहे की दीड मीटर लांबीच्या अंतराळयानाच्या मॉडेलचे कवच स्टायरीन या प्लास्टिकच्या १ मिलिमीटर जाडीच्या दोन शीट एकमेकींवर चिकटवून तयार केले, प्रायमर (रंगाआधीचा थर) दिला, आणि सहा आठवड्यांनी आतल्या सांगाड्याच्या बरगड्या बाहेरून दिसू लागल्या. पुट्टी भरली तरी खळगे पुन्हा उमटतात. माझ्या पहिल्या मोठ्या मॉडेलचे नेमके हेच झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. कापणे, घासणे, रंगवणे आपल्याला येतेच, असे धरून चालतो.

शीट किंवा पुट्टीची जात बदलून हे थांबणार नाही, कारण दुखण्याचे मूळ आत अडकलेल्या द्रावकात, म्हणजे गोंदातल्या प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रवात आहे. स्टायरीनचा पातळ गोंद प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो आणि मग उडून जातो. कडेला ब्रशने लावला तर त्याला उडायला वाट असते. मी मात्र तो दोन रुंद शीटच्या मध्ये सढळ हाताने ओतला, वर वजन ठेवले आणि त्याच आठवड्यात कवच सर्व बाजूंनी बंद केले. वाफ आतल्या आत प्लास्टिक मऊ करत राहिली, शीट बरगड्यांच्या मधे खचत गेली, आणि तिरप्या उजेडात यानाची पाठ उपाशी जनावराच्या पाठीसारखी दिसू लागली. मी तीन वेळा पुट्टी भरली. ट्यूबमधल्या साध्या पुट्टीतही द्रावक असतो, म्हणजे दर थरागणिक मी दुखण्यात भरच घालत होतो, हे चौथ्या महिन्यात लक्षात आले. शेवटी कवच कापून टाकावे लागले आणि त्यावर बसवलेले शेकडो बारीक तुकडे त्याच्याबरोबर गेले. ते दुःख अजून गेलेले नाही.

म्हणून रुंद पृष्ठभाग एकमेकांवर चढवताना द्रावक वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे पातळ पसरलेला इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरावी आणि द्रावक फक्त कडांसाठी राखावा. द्रावक वापरायचाच असेल, तर आतल्या शीटला दर चार-पाच सेंटिमीटरवर २ मिलिमीटरची छिद्रे आधी पाडून ठेवावीत आणि कवचाचा तळ शक्य तितका उशिरा बंद करावा. मी रसायनतज्ज्ञ नाही. हे सारे माझ्या हाताखालून गेलेल्या मॉडेलांवरून सांगतो आहे. एक गोष्ट मात्र खात्रीने सांगतो: धुळीसाठीचा मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही, त्यामुळे खिडकी उघडी ठेवूनच काम करावे.

खर्चाबद्दल आपण विचारले आहे. शीटऐवजी टाकाऊ प्लास्टिकचे डबे वापरायचे असतील, तर ते गोळा करताना तळाचा आकडा पाहावा. ६ असेल तर ते पॉलिस्टायरीन असते आणि याच गोंदाने जुळते. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यावर हा गोंद चालत नाही आणि रंगही नीट धरत नाही. शिवाय इतक्या लांबीचा हट्ट आवश्यक आहे का, याचाही विचार करावा. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये डोक्यावरून सरकत जाणारे ते अजस्र यान प्रत्यक्षात सुमारे ९१ सेंटिमीटरचे मॉडेल होते, बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधले सुटे भाग त्याच्या पृष्ठभागावर दाटीने बसवले होते. भव्यता बारकाव्यातून येते. आपले प्रमाण १:१००० असेल, तर ३ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडलेली खिडकी ३ मीटर उंच, म्हणजे अख्ख्या मजल्याएवढी होते आणि एवढे मोठे यान क्षणात खेळण्यासारखे दिसू लागते. खिडक्यांसाठी अर्ध्या मिलिमीटरचे ड्रिल घ्यावे. ती मोडतात, म्हणून चार-पाच जवळ ठेवावीत.

आता आपल्या सध्याच्या कवचाविषयी. ते उलटे करून, दोन बरगड्यांमधल्या प्रत्येक कप्प्यात तळाच्या बाजूने साधारण १० मिलिमीटरचे एक भोक पाडावे. जोडलेल्या दोन शीटपैकी आतल्या शीटपर्यंत ड्रिल पोचत असेल, तर तिलाही बारीक छिद्रे द्यावीत. मग महिनाभर ते हवेशीर जागी ठेवावे. खळगे नंतर दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने भरावेत. मात्र घाई करू नये: दर आठवड्याला भोकांशी वास घेऊन पाहावा, आणि गोंदाचा वास येतो आहे तोवर त्या पृष्ठभागाला सँडपेपरही लावू नये.