2147483647 मूळ संख्या आहे हे संगणकाशिवाय कसं कळलं?

तुमचा प्रश्न असा, की प्रोग्रॅममध्ये 32 बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा म्हणून भेटणारी 2147483647 मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये कसं सिद्ध केलं. हजारो भागाकार करत बसला का?

नाही बसला, आणि मला या संख्येचं खरं अप्रूप त्यातच वाटतं.

ही संख्या म्हणजे 2^31 − 1. हिचं वर्गमूळ 46341 पेक्षा जरासं कमी, म्हणजे 46340 पर्यंतचे मूळ विभाजक तपासायला हवेत. ते भरतात पावणेपाच हजारांहून जास्त. आता समजा q हा असा एक मूळ विभाजक आहे. मग 2^31 ला q ने भागल्यावर बाकी 1 उरते. 31 स्वतः मूळ असल्याने, फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (q विषम मूळ असेल तर 2^(q − 1) ला q ने भागून बाकी 1 उरते) 31 ने q − 1 ला भाग जायलाच हवा. q विषम, म्हणून q − 1 ला 62 नेही भाग जातो. शिवाय 2^32 ला q ने भागून बाकी 2 उरते. म्हणजे q च्या हिशेबात 2 हा 2^16 चा वर्ग झाला. असं घडायला q ला 8 ने भागून बाकी 1 किंवा 7 यावीच लागते. दोन्ही अटी एकत्र केल्या की q फक्त 248n + 1 किंवा 248n + 63 या रूपाचा असू शकतो. उरल्या 370 च्या आसपास संख्या, आणि त्यातल्या मूळ तर शंभराच्या आत!

पहिली अट धाकट्या भावावर पडताळून बघा: 2^11 − 1 = 2047 = 23 × 89. दोन्ही विभाजक 22 च्या पटीपेक्षा एकाने मोठे आहेत. घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ होतेच असं नाही, हेही इथेच दिसतं.

संगणकाच्या मर्यादेशी मात्र हे मूळ असणं निव्वळ योगायोगाने जुळलंय. 16 बिटांची तशीच मर्यादा 2^15 − 1 म्हणजे 32767 हिला 7 ने भाग जातो, 64 बिटांच्या 2^63 − 1 लाही जातो. पण योगायोग कामाचा ठरला. 2147483647 ने भागून बाकी घ्यायची आणि दर वेळी 16807 ने गुणायचं, की 1 पासून 2147483646 पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येऊन मग चक्र पुन्हा सुरू होतं. यादृच्छिक संख्या तयार करायची ही जुनी, प्रसिद्ध पद्धत. 16807 म्हणजे 7 चा पाचवा घात.

शिवाय 2147483647 ला 2^30 ने गुणलंत तर 2305843008139952128 ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच.

कागद घेऊन स्वतः करून बघाच. पहिला मूळ उमेदवार 311, बाकी 35. पुढची 497, 559, 745 वगैरे मंडळी मूळच नाहीत, त्यामुळे थेट 1303 वर उडी. तिथे बाकी 226.