वाचकांचे प्रश्न : दरवर्षी कापूनही घाणेरी का फोफावते?

प्रश्न : आमच्या भागातील मोकळ्या जमिनीवर घाणेरी आणि गाजरगवत पसरत चालले आहे. आम्ही काही जण दरवर्षी ते कापून टाकतो, तरी पुढच्या पावसाळ्यात ते अधिकच दाट उगवते. आमचे काय चुकते? त्याला खाणारे किडे सोडले तर काम होईल का? आणि परक्या मुलखातून आलेली प्रत्येक वनस्पती काढूनच टाकावी का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते : नाही. मका आणि बटाटा हीसुद्धा अमेरिका खंडातून जगभर गेलेली पिके आहेत, पण ती शेत सोडून रानात शिरत नाहीत. जी वनस्पती माणसाच्या मदतीशिवाय पसरते आणि मूळच्या झाडाझुडपांची जागा बळकावते, तिचीच काळजी करायची.

तुमची मेहनत वाया जाते, याचे कारण कापण्याच्या पद्धतीत आहे. घाणेरी जमिनीलगत कापली की तिच्या बुंध्यातून अनेक फुटवे येतात. म्हणजे आपण तिची छाटणीच करत असतो. त्याऐवजी मातीखाली काही सेंटीमीटर खणून, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडावे आणि पुन्हा रुजू नये म्हणून झुडूप उलटे करून ठेवावे. तिची फळे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात, त्यामुळे पक्षी बसतात त्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षे रोपे शोधून उपटावी लागतात. गाजरगवताचे गणित वेगळे आहे. त्याच्या एकेका रोपाला १५ ते २५ हजार बिया येऊ शकतात, आणि फुलोऱ्यानंतर ते कापले तर त्या आपल्याच हाताने जमिनीवर झडतात. म्हणून माती ओली असताना, फुले येण्याआधी, ते मुळासकट उपटावे. त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, तेव्हा हातमोजे घालून आणि नाक-तोंड झाकूनच.

सुरुवात कुठून करायची, हेही महत्त्वाचे आहे. दाट जाळी आधी साफ करण्याचा मोह होतो, पण प्रसार थांबवायचा असेल तर आधी दूरवर एकटी-दुकटी उगवलेली झुडपे काढावीत, कारण पुढच्या जाळ्या त्यांच्यापासूनच तयार होतात. मोकळी झालेली जागा तशीच ठेवली तर मातीतल्या बिया ती पुन्हा व्यापतात. तिथे लगेच स्थानिक गवत पेरावे.

किड्यांचा उपाय खरा आहे, पण तो आपण स्वतः करण्याचा नाही. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने कोट्यवधी एकर जमीन व्यापली होती. १९२५ मध्ये अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांतच त्यातील बहुतेक जमीन मोकळी केली. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला गेला, १९८९ मध्ये फ्लोरिडात आढळला, आणि आता तो तिथल्या मूळच्या निवडुंगांना खातो आहे. एखादा कीटक फक्त एकाच वनस्पतीवर जगतो याची कसून चाचणी झाल्याशिवाय तो सोडू नये, आणि ती चाचणी तज्ज्ञ संस्थाच करू शकतात.

यंदा कापणीचा दिवस ठरवण्याआधी जागेचा साधा नकाशा काढा, एकटी झुडपे कुठे आहेत ते त्यावर टिपा आणि काम तिथून सुरू करा.