सेफ्टी बेल्ट देऊनही बांधकामावर माणसं पडून मरतात. कामगारांचा हा निष्काळजीपणा कसा थांबवायचा?

कामगारच निष्काळजी असतात हे तुम्ही प्रश्नातच धरून चालला आहात. मला मुळात तेच मान्य नाही, म्हणून लिहितोय. मी आधी परांच्या बांधायचो, मग सेफ्टीच्या कामात आलो. दोन्ही बाजूंनी पाहून माझं मत पक्कं झालंय: बेल्ट वाटले म्हणजे माणसं सुरक्षित झाली असं होत नाही. हूक कुठे अडकवायचा ते आधी दाखवा, मग न अडकवणाऱ्याला बोला.

एका साइटवर वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये पाइपांच्या डक्टसाठी, म्हणजे मजल्यांमधून जाणाऱ्या उभ्या पोकळीसाठी, चौकोनी भोक सोडलं होतं. त्यावर शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्याचा) एक प्लाय नुसता टाकलेला. ना खिळा, ना खूण. सेंटरिंग (साचा आणि त्याचे टेकू) खोलल्यावर प्लाय गोळा करायला हेल्पर पोरं लावली, त्यातल्या एकाने हाही उचलला. त्याच्या लेखी तोही पडलेल्या मालातलाच एक प्लाय होता. एवढा मोठा प्लाय दोन्ही हातांनी उभा धरला की पायापुढचं काही दिसत नाही. तो तसाच एक पाऊल पुढे गेला आणि ज्या भोकावरचं झाकण त्याच्या हातात होतं, त्यातूनच खाली गेला. डक्ट तळापर्यंत मोकळी होती. पोरगा वाचला नाही.

त्याच्या अंगावर हार्नेस होता, म्हणजे खांदे-मांड्यांना धरणारा पूर्ण अंगाचा बेल्ट, दोन्ही हूक कमरेला लावलेले. मीटिंगमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "बेल्ट दिला होता, हूक केला नव्हता. ट्रेनिंगच्या वहीत त्याची सही आहे. तसंच लिहा." मी विचारलं, "साहेब, हूक कुठे करायचा होता?" त्या स्लॅबवर लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायची ताणलेली दोरी, ओढलेली नव्हती. भोकाजवळ अडकवण्याजोगं काहीच नव्हतं. आणि प्लाय गोळा करणारा माणूस अख्ख्या स्लॅबभर फिरतो, त्याने दर पावलाला हूक मारायचा तरी कुठे? ते म्हणाले, भोक आहे हे बाकीच्यांना माहीत होतं, याचंच लक्ष नव्हतं. भोकांची झाकणं पक्की करा अशी नोंद मी आधीच रजिस्टरमध्ये केलेली होती. ते पान मी टेबलावर उघडून ठेवलं. "तुम्ही नेहमी कामगारांचीच बाजू घेता," एवढंच उत्तर मिळालं. मी त्या अहवालावर सही केली नाही.

लक्ष नव्हतं म्हणे! दोन मीटर खाली पडायला साधारण 0.64 सेकंद लागतात आणि आपटताना वेग ताशी 22-23 किलोमीटर असतो. एवढ्या वेळात कोण सावरणार? दिवसभर वजन उचलणाऱ्या माणसाचं लक्ष कधी ना कधी उडणारच. साइट अशी पाहिजे की लक्ष उडालं तरी तो घरी जाईल.

तिथे काय करायला हवं होतं ते सांगतो, कारण हे फार कमी लोक करतात. स्लॅब भरतानाच डक्टच्या जागी सळईची जाळी आरपार तशीच सोडायची, घर एवढं बारीक की पाय आत जाणार नाही. पाइपवाले येतील तेव्हा लागेल तेवढीच कापायची. प्लाय टाकायचाच असेल तर खालून पट्ट्या मारायच्या म्हणजे तो सरकत नाही, स्लॅबला पक्का ठोकायचा, आणि रंगाने मोठ्या अक्षरांत 'खाली भोक आहे' असं लिहायचं. अमेरिकेच्या नियमांत अशा झाकणाने त्यावर येऊ शकणाऱ्या माणसांच्या आणि सामानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. आमच्या मॅनेजरांचं म्हणणं होतं की या सगळ्याने स्लॅबची सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचा वेळ, लांबते. अपघातानंतर काम बंद राहिलं त्याने सायकल किती लांबली, हा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

आता हार्नेसबद्दल, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. समजा कडेला काम करणाऱ्याने हूक पायाजवळच्या सळईला अडकवला. हार्नेसची पाठीवरची कडी पायापासून साधारण दीड मीटर वर असते, दोरी 1.8 मीटर. म्हणजे दोरी ताणायच्या आधी माणूस 3.3 मीटर खाली जातो. मजल्याची उंची तीन मीटर असेल तर तो हूक लावलेला असतानाच खालच्या स्लॅबवर आपटतो. हूक खांद्याच्या उंचीला लावला तरी 1.8 मीटर पडणं, त्यात झटका सोसणारा शॉक अॅब्सॉर्बर उघडतो तो एखादा मीटर, वर हार्नेसची ढील. तीन मीटर पुरत नाहीत. म्हणून हूक डोक्याच्या वर हवा. त्याहून बरं म्हणजे दोरीच इतकी आखूड ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोहोचणारच नाही. शिवाय ज्याला हूक अडकवायचा ती जागाही भक्कम हवी. अमेरिकेचा नियम माणशी 5000 पौंड धरतो, म्हणजे सव्वादोन टनांच्या वर. परांचीचा आडवा पाइप किंवा शटरिंगचा टेकू यात बसत नाही. कमरेचा नुसता पट्टा तर पडणाऱ्याला अडवायला वापरूच नये. तो झटका सगळा पोटावर आणि मणक्यावर येतो. अमेरिकेत बांधकामावर 1 जानेवारी 1998 पासून त्याला या कामासाठी बंदी आहे.

आणि हार्नेसने माणूस अडवला तरी तो लटकत राहतो. पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. त्याला खाली कोण आणणार, कशाने आणणार, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे. फायर ब्रिगेडला फोन करू, ही काही योजना नव्हे.

ब्रिटनच्या 2005 च्या उंचीवरील कामाच्या नियमांत क्रमच लावून दिलाय. उंचीवरचं काम टाळता येत असेल तर टाळा. नसेल तर पडणं अडवा. तेही नाही जमलं तर पडण्याचं अंतर आणि इजा कमी करा. आणि सगळ्यांना एकदम मिळणारं संरक्षण आधी, एकेकाच्या अंगावरचं नंतर. कठडा, पक्की फळी, जाळं ही वर येतात, बेल्ट खाली. छताची कैची (त्रिकोणी सांगाडा) जमिनीवर जोडून क्रेनने वर चढवली तर अर्धे हूक लागतच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना खाली जाळं बांधलं होतं आणि त्याने 19 जणांना वाचवलं. ते 19 जण काही शिस्तीमुळे वाचले नव्हते. अर्थात जाळ्यालाही मर्यादा असते. 17 फेब्रुवारी 1937 ला एक मचाण तुटून त्याच जाळ्यावर कोसळलं, जाळं फाटलं आणि 10 जण गेले.

परांचीवर मी वेगळं लिहीन, तो मोठा विषय आहे. इथे एवढंच: फळ्या पूर्ण रुंदीत, परांची इमारतीला धरून ठेवणारे टाय मारलेले, चढायला आतून शिडी, आणि वादळ-पाऊस झाला की पुन्हा तपासणी. सामान आत घ्यायला कठडा काढला तर ज्याने काढला त्यानेच, माल आत येताच, परत लावायचा.

हेही सांगायला हवं की जाणूनबुजून हूक काढणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांना मी स्वतः कामावरून खाली उतरवलंय. काही कामं अशीही असतात जिथे हार्नेसला पर्याय नाही. खुद्द कठडा बसवणारा माणूस घ्या, किंवा परांचीचा वरचा टप्पा बांधणारा. तिथे ट्रेनिंग लागतंच. मी ट्रेनिंगच्या विरोधात नाही.

पण तुम्ही इंजिनिअर किंवा ठेकेदार असाल तर उद्या आधी स्लॅबवर फिरा आणि प्रत्येक प्लाय उचलायचा प्रयत्न करा. जो हाताने उचलला जाईल तो लगेच ठोकून घ्या. कडेला काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, तुझा हूक कुठे? त्याला जागा दाखवता आली नाही तर काम थांबवा, त्याला ओरडू नका. आणि कधी तुमच्यासमोर 'हूक केला नव्हता' असा अहवाल सहीला आला, तर त्याच वाक्यापुढे हूक करायची जागा नेमकी कोणती होती ते लिहायला लावा. लिहिता येत नसेल तर सही करू नका. मी केली नव्हती. आज तोच कागद समोर आला तरी करणार नाही.