जागतिक सर्व्हेंमधला ‘लोकांवर विश्वास’चा आकडा कितपत खरा मानायचा?

प्रश्न असा आहे: ‘मी राज्यशास्त्रात एमए करतोय. डेझर्टेशनसाठी भारत आणि आणखी चार-पाच देश घेऊन लोकांचा एकमेकांवरचा विश्वास आणि लोकशाही यांचा संबंध बघायचाय. हे जागतिक सर्व्हे भरवशाचे असतात का? कुठला डेटा घेऊ? माझे गाईड म्हणतात “माहीत नाही” म्हणणारे सरळ काढून टाक, चालेल का?’

नाही चालणार. बाकीच्याकडे नंतर येते, पण तुमचं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले, कारण ती ‘माहीत नाही’ मी स्वतः लोकांच्या ओटल्यावर बसून लिहून घेतलेली आहेत आणि त्यावरून माझं एका माणसाशी जे भांडण झालं ते अजून मनातून गेलेलं नाही.

मी बडोद्याची, दांडिया बजारात वाढलेली. १९९५-९६ च्या सुमारास एमए करत असताना एका मोठ्या सर्व्हेचं फील्डवर्क केलं. बऱ्याच देशांत एकच फॉर्म घेऊन जायचं आणि राजकारण, धर्म, सरकार, शेजारीपाजारी यांबद्दल तेच प्रश्न विचारायचे, असं ते काम. एजन्सी कुठली ते लिहीत नाही. फॉर्ममागे पैसे मिळायचे. नावं मतदारयादीतून काढलेली, ती बदलायची नाहीत, माणूस घरी नसला तर परत जायचं, तीनदा जायचं. मला रावपुरा, दांडिया बजार आणि पाणीगेटकडचा थोडा भाग आला होता.

फॉर्म गुजरातीत छापलेला. आता आपल्या बडोद्याच्या मराठी बायका बाजारात फर्डं गुजराती बोलतात, भाजीवाल्याशी भांडतात पण गुजरातीत, पण घरात झोपाळ्यावर बसलेल्या असताना समोरच्या मुलीनं छापील गुजरातीत ‘सरकारवर तुमचा विश्वास किती’ असं विचारलं की परीक्षेला बसल्यासारख्या ताठ होतात. म्हणून मराठी घरांत मी प्रश्न तोंडीच मराठीत करून विचारायचे. हे नियमात बसत नव्हतं. लक्षात ठेवा, याच्यावर परत येणार आहे.

तर विश्वासाचा तो प्रश्न. फॉर्मवर होता असा: ‘मोटा भागना लोको पर विश्वास मूकी शकाय, के पछी लोको साथे खूब संभाळीने रहेवुं पडे?’ मी मराठीत म्हणायचे, ‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की माणसांशी खूप जपून वागावं लागतं?’

आमच्याच भागात एका वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक आजी राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या. मुलगा ऑफिसला निघाला होता, चपला घालता घालता म्हणाला, ‘तिला काय कळतं, मला विचारा पाच मिनिटांत.’ मी म्हटलं यादीत नाव त्यांचं आहे. तो गेला. आजींनी मला बसवलं, पाणी दिलं. विश्वासाच्या प्रश्नावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माणसं म्हणजे कुठली गं? वाड्यातली की बाहेरची?’ आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की समजावून सांगायचं नाही, प्रश्न जसाच्या तसा परत वाचायचा. मी परत वाचला. त्यांनी परत तेच विचारलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाल्या, ‘जपूनच वागावं बाई माणसानं.’ मी दोनावर खूण केली, म्हणजे विश्वास नाही.

पुढचे दहाएक प्रश्न झाले आणि त्यांना आठवलं की नातवाची रिक्षा यायची वेळ झाली. म्हणाल्या, ‘तू बैस, मी कोपऱ्यावरून त्याला घेऊन येते, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.’ आणि गेल्या! मला त्या अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा भेटल्या होत्या, माझं आडनाव सोडून त्यांना काही माहीत नव्हतं, कपाटाची किल्ली समोर खिळ्याला लटकत होती आणि मी त्या घरात एकटी बसून शिट्ट्या मोजत होते. आल्या, उरलेला फॉर्म भरला, निघताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ‘जपून जा हो पोरी, बाहेर रस्ता खणून ठेवलाय.’

मी ओटल्यावरच थांबले. तोच शब्द. आपल्याकडे ‘जपून’ हा मायेचा शब्द आहे, आपण लेकराला जपतो, दागिने जपतो, नाती जपतो. फॉर्मवर मात्र ते विश्वासाच्या विरुद्ध टोकाला बसवलेलं. या बाईनं अनोळखी मुलीवर घर सोपवलं आणि माझ्या हातातल्या कागदावर ती माणसांवर विश्वास न ठेवणारी म्हणून गेली. मी समासात हे सगळं बारीक अक्षरात लिहिलं.

दुसरं घर पाणीगेटचं, गुजराती कुटुंब. बाई माझ्याच वयाची असेल. नवरा दारात उभा आणि ती सरकार, पक्ष, कोर्ट, पोलीस सगळ्याला ‘खबर नथी’. ओळीनं ‘माहीत नाही’च्या खुणा. मग नवरा दुकानावर गेला. ती आपणहून बोलायला लागली की नळाला पाणी पहाटे येतं, त्यासाठी वॉर्ड ऑफिसला ती किती वेळा गेली, नगरसेवक कोणाचं ऐकतो, कोणाचं ऐकत नाही, मागच्या गल्लीला लाईन आधी का मिळाली. त्या वॉर्डात सत्ता कशी चालते हे त्या बाईला जितकं माहीत होतं तितकं मला दोन वर्षं पुस्तकं वाचून माहीत नव्हतं. मी ते प्रश्न परत विचारले, तिनं नीट उत्तरं दिली, मी आधीच्या खुणा खोडून नव्या केल्या आणि का खोडल्या ते बाजूला लिहिलं.

संध्याकाळी सुपरवायझरांनी फॉर्म तपासले. आजींचा आणि या बाईंचा, आणि आणखी एक असे तीन फॉर्म बाजूला काढले, रद्द. म्हणाले, ‘बेन, तमने वार्ता लखवा नथी मोकल्यां.’ गोष्टी लिहायला पाठवलं नाही. मी म्हटलं सर, ‘माहीत नाही’ हे नवरा उभा असताना होतं, तो गेल्यावर नव्हतं, हे नोंदवायचं कुठे? त्यांचं म्हणणं, जे पहिल्यांदा सांगितलं तेच उत्तर, आणि ‘माहीत नाही’वाले शेवटी हिशोबातून जाणारच आहेत, तू कशाला जीव काढतेस. तीन फॉर्मचे पैसे कापले गेले. पैशांचं फार वाटलं नाही, ‘जाणारच आहेत’ हे मात्र लागलं. म्हणून तुमच्या गाईडचं वाक्य वाचून इतकं लिहितेय.

हे सगळं मी तेव्हा मनात ठेवलं कारण वाटायचं मोठ्या लोकांनी विचार केला असेल. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की मोठे लोक याच दोन गोष्टींवर अडलेले आहेत, एक म्हणजे ‘माणसं’ म्हणजे कोण, आणि दुसरी, एकाच शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच असतो का. २०११ मध्ये डेल्ही (हे त्या संशोधकाचं आडनाव, आपली दिल्ली नव्हे), न्यूटन आणि वेल्झेल या तिघांनी ५१ देशांचा डेटा घेऊन हाच प्रश्न तपासला की ‘बहुतेक माणसं’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर कोण येतं. चीनमध्ये विश्वासाचा आकडा चांगला वर दिसतो, पण तिथे ‘माणसं’ म्हणजे बऱ्याच जणांच्या मनात घरची, ओळखीची. ते वर्तुळ किती मोठं ते हिशोबात घेतलं की देशांचे नंबर हलतात. म्हणजे आजींनी जे विचारलं, ‘वाड्यातली की बाहेरची’, तो प्रश्न पंधराएक वर्षांनी संशोधनाचा विषय झाला. आणि बडोद्यात तर हा प्रश्न फार जुना आहे. ज्या सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं त्यांच्याच राजधानीत १९१७ मध्ये नोकरीवर आलेल्या त्याच आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं आणि ते कामाठीबागेत झाडाखाली बसले. त्या वेळी इथल्या लोकांना कोणी विचारलं असतं तर बहुतेकांनी ‘हो, विश्वास ठेवतो’ म्हटलं असतं, फक्त माणसं म्हणजे कोण ते प्रत्येकाचं ठरलेलं होतं.

दुसरं उदाहरण तर तुम्ही डेझर्टेशनमध्ये घ्याच. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीन आणि मेक्सिकोत लोकांना विचारलं, सरकारपुढे तुमचा शब्द किती चालतो? चीनमधल्यांनी मेक्सिकोवाल्यांपेक्षा वरचं उत्तर दिलं. मेक्सिकोत तर २००० मध्ये लोकांनी ७१ वर्षं सत्तेत असलेला पक्ष मतदानानं खाली खेचलेला! मग त्यांनी त्याच लोकांना काल्पनिक माणसांच्या छोट्या हकीकती वाचून दाखवल्या, अमक्याकडे पिण्याचं पाणी नाही, तो विरोधी उमेदवाराच्या मागे उभा राहिला, तमका गप्प बसून सोसतो, आणि या माणसांचा शब्द किती चालतो ते विचारलं. या उत्तरांच्या मापावर लोकांची स्वतःबद्दलची उत्तरं बसवल्यावर क्रम उलटा झाला. म्हणजे ‘थोडाफार चालतो’ या शब्दाची पट्टीच दोन्हीकडे वेगळी होती. हा पेपर २००४ चा. त्यातली पाण्याची हकीकत वाचताना मला पाणीगेटची ती बाई आठवली, साहजिक आहे.

जुन्या नावाजलेल्या अभ्यासांचंही तसंच. १९६३ मध्ये आलेला आल्मंड आणि व्हर्बा यांचा पाच देशांच्या राजकीय संस्कृतीचा, म्हणजे लोक राजकारणाकडे कसे बघतात याचा, अभ्यास अजून सगळीकडे शिकवतात, प्रत्येक देशात साधारण हजार मुलाखती, पण मेक्सिकोत फक्त दहा हजारांवर वस्तीची गावं-शहरं घेतली होती, खेडी नाहीत. खेडी सोडून मेक्सिकोची राजकीय संस्कृती कशी काय सांगता येते मला कळत नाही.

आता तुमचा प्रश्न, कुठला डेटा. वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे घ्या, देशोदेशीच्या लोकांना त्यांची मूल्यं, मतं विचारणारा, १९८१ पासून चालू आहे, भारत १९९० पासून त्यात आहे, डेटा फुकट उतरवता येतो. नॉर्वेत दहातले सहा-सातच्या वर लोक ‘विश्वास ठेवता येतो’ म्हणतात, ब्राझील-कोलंबियात दहात एकही नाही, एवढा मोठा फरक नुसत्या भाषांतरातून येत नाही. पण भारत तिसाव्या नंबरवर की चाळिसाव्या यावर एक पानही खर्च करू नका. दक्षिण आशियापुरतं करायचं असेल तर दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेतल्या लोकनीती गटाचा लोकशाहीवरचा अभ्यास बघा, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, फील्डवर्क २००४-०५ चं, एकोणीस हजारांवर लोक, आणि आपले पुण्याचे सुहास पळशीकर त्याच्या प्रमुखांपैकी. माझ्या मते हे चार-पाच देश एकमेकांशी ताडणं भारत-नॉर्वेपेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे.

आणि एक गोंधळ करू नका जो माझे मोठे दीर दरवर्षी करतात. देशोदेशीची लोकशाही मोजणाऱ्या स्वीडनच्या व्ही-डेम संस्थेनं २०२१ मध्ये भारताला ‘इलेक्टोरल ऑटोक्रसी’, म्हणजे निवडणुका होतात पण कारभार एकाधिकारशाहीचा, असं म्हटलं तेव्हापासून ते म्हणतात हे सर्व्हे म्हणजे परदेशी लोकांचा कट. व्ही-डेमचं ते लोकांचं मत विचारणारं कामच नाही, तिथे प्रत्येक देशाचे जाणकार ठरावीक प्रश्नांना गुण देतात आणि जाणकारांच्या पट्ट्या जुळवायला तिथेही वरच्यासारख्या हकीकती वापरतात. त्या पद्धतीवर वाद घाला, जरूर घाला, पण पद्धत वाचून. आणि हेही बघा की हे काम आपल्याला परकं नाही, एम. एन. श्रीनिवास १९५१ मध्ये आमच्याच युनिव्हर्सिटीत समाजशास्त्राचा विभाग उभा करायला आले आणि ‘व्होट बँक’ हा शब्द त्यांनी १९५५ मध्ये वापरला तेव्हा ते बडोद्यातच होते. एका खेड्यात राहून बघितलेल्या गोष्टीतून आलेला शब्द आज देशभर सगळे वापरतात. मोठा सर्व्हे हवाच, पण त्याच्या समासात कोणी काय लिहिलं तेही हवं, एवढंच मी त्या सरांना सांगत होते.

एक मात्र सांगायला हवं, सरांचं एका बाबतीत बरोबर होतं. मी प्रश्न तोंडी मराठीत करायला नको होता. ‘संभाळीने’ला मी ‘जपून’ म्हटलं, दुसरी मुलगी ‘सावध’ म्हणाली असती, आणि आजींनी ‘सावध’ला कदाचित वेगळं उत्तर दिलं असतं. भाषांतर आधी ठरवून, उलट भाषांतर करून, म्हणजे ते परत मूळ भाषेत आणून, तपासूनच फील्डवर न्यायला पाहिजे आणि एजन्सीनं मराठी फॉर्म छापायला पाहिजे होता, बडोद्यात मराठी घरं आहेत हे काही गुपित नाही. शिवाय विश्वासाच्या त्या प्रश्नाचा आकडा अगदी टाकाऊही नाही. २०१९ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं ‘हरवलेली सापडली’ म्हणून काउंटरवर नेऊन दिली आणि किती परत येतात ते बघितलं, तर सर्व्हेत जिथले लोक विश्वास ठेवतो म्हणतात तिथे साधारणपणे जास्त पाकिटं परत आली.

गाईडना सांगा की ‘माहीत नाही’चं वेगळं टेबल करतो, बायका-पुरुष वेगळे, शिकलेले-न शिकलेले वेगळे. बऱ्याच सर्व्हेंत मुलाखतीच्या वेळी आणखी कोणी हजर होतं का हेही विचारलेलं असतं, ते असेल तर तेही लावून बघा. आणि डेटात मुलाखत कुठल्या भाषेत झाली त्याचा कॉलम असतो. गुजरातच्या ओळी उघडल्यात तर त्यात मराठी किती निघतात ते मला इथे खाली लिहा, मला खरंच बघायचंय.