ग्राफिक्स कार्डचा वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरवून कार्ड थंड ठेवणारा ठोकळा) आलाय. खोकं उघडल्यावर बसवायच्या आधी काय बघू?

सगळ्यात आधी थर्मल पॅड (कार्डावरच्या भागांची उष्णता ब्लॉकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या). ते साधारण अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीचे असतात आणि कुठला कुठे लावायचा हे माहितीपत्रकातल्या आकृतीत दिलेलं असतं. इथे घाई अजिबात करू नका. व्हीआरएमवर (चिपला वीज पुरवणाऱ्या भागावर) जाड पॅड लागायचा तो चुकून मेमरीवर लागला, तर ब्लॉक चिपवर नीट टेकतच नाही आणि पाणी फिरत असूनही कार्ड तापतं. माझ्याकडून एकदा हेच झालं होतं. सगळं पाणी उपसून पुन्हा खोलावं लागलं, अख्खा रविवार गेला. पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ फिल्म काढायलाही विसरू नका.

तांब्याचा तळ उजेडात तिरका धरून बघा. तिथेही बहुतेक वेळा संरक्षक फिल्म असते. निकेलचा मुलामा कुठे उडालाय का, पारदर्शक ॲक्रिलिकमधून रबरी ओ-रिंग खाचेत सरळ बसलेली दिसते का, हे पाहा. ओ-रिंग पिळलेली असेल तर ब्लॉक सरळ परत करा.

स्क्रू मोजून घ्या. फिटिंग (ब्लॉकला नळ्या जोडायचे तुकडे) बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात, आटे जी १/४ इंची या ठरलेल्या मापाचे. रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा भाग) ॲल्युमिनियमचा असेल तर तांब्याच्या ब्लॉकबरोबर जोडू नका, दोन धातू एकाच पाण्यात आले की गंज धरतो.

आणि हो, ब्लॉक तुमच्याच कार्डाच्या सर्किट बोर्डाचा आहे ना? चिप तीच असली तरी कंपनीगणिक बोर्ड बदलतो. कार्डावरचा जुना हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) काढण्याआधी मॉडेल क्रमांक जुळवा.